खेळायला का घेत नाहीत

आज परत तेच. संध्याकाळी माझा मुलगा खाली खेळायला गेला आणि पंधरा-वीस मिनिटांत वर. "मला घेत नाहीत." आणि सोफ्यावर पालथा.

आधी मला त्या बाकीच्या पोरांचाच राग यायचा. पण मागच्या आठवड्यात गॅलरीत उभी राहून बघितलं, त्याला न दिसता. खेळ मस्त रंगलेला आणि हा पळत आला तो थेट मधे, "असं नसतं खेळायचं, मला खरे रूल्स माहितीयेत", मग स्वतःच्या नवीन बुटांचं काहीतरी, कोणी लक्ष देईना म्हणून बॉलच उचलून घेतला. झालं. खरं सांगायचं तर मी त्या पोरांत असते तर मीपण वैतागले असते. आई म्हणून हे लिहिताना कसंतरी होतंय पण रोजनिशीत तरी खोटं कशाला लिहू.

मग रात्री वाचत बसले (झोप कुठे येतीये). पुटॅलाझ आणि गॉटमन या मानसशास्त्रज्ञांचा १९८१ चा अभ्यास अगदी यावरच आहे, चालू खेळात मूल शिरतं कसं. जी मुलं सगळ्यांना आवडतात ती आधी काय चाललंय ते बघतात आणि त्याच सुरात सूर मिसळतात, आणि ज्यांना कोणी घेत नाही ती आल्या आल्या स्वतःबद्दल बोलतात, चुका काढतात, प्रश्न विचारून खेळ थांबवतात. म्हणजे माझी गॅलरीच की.

दुसरा अभ्यास वाचून मात्र पोटात गोळा आला. कोई आणि कुपरस्मिट, १९८३. चौथीतल्या मुलांचे चार-चार जणांचे गट केले, काही गटांत सगळे एकमेकांना पूर्ण अनोळखी. तरी शाळेत जो नकोसा होता तो तिसऱ्या भेटीपर्यंत तिथेही नकोसा! मी तर शाळा बदलायचा विचार करत होते. गंमत म्हणजे ज्यांच्याकडे वर्गात कोणाचं लक्षच नसतं अशी गप्प मुलं नव्या गटात चक्क खुलली. नकोसा असणं आणि न दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला माहीतच नव्हतं, मी सगळ्यालाच 'एकटा पडतो' म्हणायचे.

पण सगळं त्या मुलाच्या वागण्यावर ढकलून मोकळं होणंपण बरोबर नाही, कारण आम्ही काय केलंय ते मला आठवतंय. आमच्या वर्गात एक मुलगी होती, तिला आम्ही घ्यायचो नाही. कधीतरी दुसरीत तिने कोणाचं तरी नाव बाईंना सांगितलं होतं बहुतेक, आणि शिक्षा चालली सातवीपर्यंत. तिने पेन्सिल दिली तर शायनिंग मारते, नाही दिली तर भाव खाते. तिने नेमकं काय केलं असतं तर आम्ही घेतलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही. मीसुद्धा त्यात होते, पुढे नव्हते, पण होते. मी बोलले तर माझ्याशीपण कट्टी होईल ही भीती, बस.

केनेथ डॉज यांनी १९८० मध्ये हेच दाखवलंय. चुकून झालं की मुद्दाम ते कळत नाही अशा प्रसंगात भांडखोर मुलं समोरच्याने मुद्दामच केलं असं धरून चालतात, आणि तेच त्यांच्या हातून झालं की बाकीचेही त्यांनी मुद्दामच केलं म्हणतात. एकदा शिक्का बसला की धक्का चुकून लागला तरी मुद्दामच. मग असं मूल सुधारलं तरी ते कोणाला दिसणार कसं?

तरी प्रयत्न म्हणून रविवारी मी त्याला समजावलं, की गेल्या गेल्या बोलू नको, दोन मिनिटं नुसतं बघ, मग ते करतायत तसंच कर. त्याने मान डोलावली, मला वाटलं ऐकलंच नाही.

आज सोफ्यावर पडल्या पडल्या म्हणाला, "मी दोन मिनिटं नाही, दहा मिनिटं बघत उभा होतो. कोणी बोलावलंच नाही."

यावर काय बोलू. जवळ बसले नुसती. मग थोड्या वेळाने विचारलं, त्यातल्या एकालाच शनिवारी घरी बोलवूया का, तो चष्मेवाला?

म्हणाला, "हो, तो येईल. तो एकटा असला की चांगला असतो."