साडेअकराची प्रदक्षिणा

आमच्या सरांनी बनवलेल्या आयटिनररीत एक ओळ होती, ‘स. ११.३०, हरिहरेश्वर प्रदक्षिणा, ४५ मिनिटे’. त्याच्या खाली ‘१२.३० जेवण’. सरांचं ऑफिस पेठेत, पावणेदोन खोल्या, खिडकीतून समोरच्या वाड्याची पडकी भिंत दिसते, तिथे बसून गूगलवर अंतरं बघून हे सगळं टाइप केलेलं. आणि मी टूर मॅनेजर म्हणून ते डोळे झाकून प्रिंट काढून सोळा जणांना वाटलं. सरांना नावं ठेवायचा मला तसा हक्क नाही हे आधीच सांगते, कारण मी पण पक्की पुणेकर, पाणी म्हटलं की मला खडकवासला आठवतं. करोनाच्या आधी मी हिमाचल आणि राजस्थान करायचे, ते सगळं बंद पडलं आणि मग लोक बाहेर पडायला लागले तेव्हा सगळ्यांना कोकणच पाहिजे होतं, जवळ, गाडीने जाऊन येता येतं, म्हणून मी कोकणवाली झाले.

डिसेंबर २०२१. दत्तजयंतीचा शनिवार. एसटीचा संप चालू होता त्यामुळे छोट्या टूरवाल्यांना बुकिंग बरं होतं, शिवाय दिवेआगरचा सुवर्णगणेश नोव्हेंबरमध्येच परत बसला होता, त्यामुळे सगळ्या ज्येष्ठ मंडळींची तिकडे जायची घाई. माझ्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बहुतेक कोथरूड आणि कर्वेनगर, सरासरी वय पासष्टच्या पुढे.

शुक्रवारी रात्री दहाला, मी गोळ्या, आलेपाक आणि उलटीच्या पिशव्या भरत असताना हरिहरेश्वरच्या घरगुती राहण्याची सोयवाल्या काकांचा फोन आला. जेवणाचा आकडा विचारायला केला होता. बोलता बोलता मी म्हटलं आम्ही साडेअकराला प्रदक्षिणा उरकून मग जेवायला येतो. तिकडे एकदम शांतता. मग म्हणाले, “ताई, उद्या पौर्णिमा ना?” मी म्हटलं हो, दत्तजयंती. “मग साडेअकराला कसली प्रदक्षिणा करताय, तेव्हा तिथे भरलेलं असणार सगळं.”

आणि मग त्यांनी मला तो हिशोब सांगितला जो किनाऱ्यावरच्या पोरासोरांना येतो आणि मला बत्तीस वर्षांत कोणी सांगितला नव्हता. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याचे सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, परत सहा तासांनी भरती, असं दिवसातून दोनदा. आणि पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे पाणी चढतं पण जास्त आणि उतरतं पण जास्त. आमची प्रदक्षिणा म्हणजे बरोब्बर समुद्र काठोकाठ असतानाची वेळ काढलेली, इतका नेम धरून सुद्धा जमलं नसतं.

सरांना फोन केला. सर म्हणाले, “अ‍ॅडजस्ट कर गं काहीतरी.” ठेवला.

ज्यांनी हरिहरेश्वर बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. देऊळ डोंगराच्या पायथ्याशी, अगदी समुद्राला लागून. आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वर, मग परत काळभैरव, असा क्रम. प्रदक्षिणा देवळाभोवती नाही, अख्ख्या डोंगराभोवती. मागच्या बाजूने पायऱ्या चढून वर जायचं, मग दोन कातळांच्या मधल्या चिंचोळ्या फटीतून पायऱ्या थेट खाली समुद्रात उतरतात, म्हणजे ओहोटी असेल तर खडकावर उतरतात आणि भरती असेल तर समुद्रात. खाली सपाट खडकांचा ओटा आहे, त्यावरून डोंगराला वळसा घालून पुन्हा देवळापाशी यायचं. मध्ये बाहेर पडायला दुसरी वाट नाही. एकीकडे उभा कडा, दुसरीकडे समुद्र. तिथे बुडून माणसं गेलेली आहेत, पाट्या लावल्यात, त्या पाट्यांच्या शेजारी उभं राहून लोक फोटो काढतात.

सकाळी साडेपाचला नळस्टॉपवरून निघालो, चांदणी चौक, पौड, मुळशीला मिसळ, ताम्हिणी लागला तेव्हा मी माइक घेऊन सांगितलं की प्रदक्षिणा आज होणार नाही, उद्या पहाटे साडेसहाला करू, कारण भरती आहे. गाडीत जो काही गोंधळ झाला. एका काकूंना पहाटे गुडघे धरतात. एकांनी विचारलं पैसे परत देणार का. आणि तिसऱ्या सीटवरचे काका, पाटबंधारे खात्यातून रिटायर, कॉलरला पेन, त्यांनी शांतपणे चष्मा पुसला आणि म्हणाले, “हे तुम्हाला काल रात्री कळलं. म्हणजे प्लॅनिंग नाही.” याला उत्तर नव्हतं कारण खरंच होतं. मग म्हणाले, “आणि हे बघ, मी आयुष्यभर पाणी मोजलंय. प्रत्यक्ष बघितल्याशिवाय मी काही मानत नाही.” काकू म्हणाल्या, “तुम्ही गप्प बसा हो.”

पावणेअकराला पोचलो. तोबा गर्दी, मास्क सगळ्यांचे हनुवटीला. दर्शनाची रांग, चपला, प्रसाद, यात मी डोकी मोजत होते. पंधरा. परत मोजली. पंधरा. काकू सभामंडपात बसल्या होत्या, त्यांना विचारलं काका कुठे, तर म्हणाल्या “मागे गेलेत, समुद्राचा फोटो काढून येतो म्हणाले.” माझ्या पोटात गोळा आला तो त्या क्षणी. पायऱ्या चढून मी कशी पळत गेले मला आठवत नाही, एवढं आठवतं की वर वारा खूप होता आणि खालून त्या फटीतून आवाज येत होता, लाटेचा नाही, ढोलात कोणी हवा कोंडल्यासारखा.

काका खाली होते. पायऱ्या संपतात तिथून थोडं पुढे, पहिल्या वळणाला, एका उंच खडकावर पाठ कड्याला लावून उभे. त्यांच्या आणि शेवटच्या पायरीच्या मध्ये पाणी येत होतं, जात होतं, फेस राहत होता. गुडघ्यापर्यंत पँट भिजलेली. एक चप्पल. नंतर कळलं की ते उतरले तेव्हा खडक नुसता ओला होता, म्हणून फक्त कोपऱ्यापर्यंत जाऊन बघू म्हणाले, आणि वळून येईपर्यंत मधला खळगा भरला होता.

मी उतरायला लागले. मागून कोणीतरी दंड धरला. शहाळीवाल्या मावशींचा मुलगा, वीस-बावीसचा, म्हणाला, “ताई खाली जाऊ नका. आणि त्यांना पण बोलवू नका. हायत तिथंच बरे हायत, तो दगड बुडत नाय.” मी म्हटलं अरे पाणी वाढतंय. तर म्हणाला वाढू दे, अजून थोडं वाढंल आणि मग थांबंल, पण आत्ता ते घाईघाईने यायला गेले आणि शेवाळावरून पाय गेला तर लाट आत ओढंल. लोक परत यायला जातात तिथेच मरतात. हे त्याने इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मी पायरीवरच बसले.

मग वाट बघणं. यात सांगण्यासारखं काही नाही आणि तेच सगळ्यात वाईट होतं. त्याने कोणालातरी फोन करून दोर मागवला, दोन माणसं आली, गावात कळवलं, आणि सगळे माझ्यासारखेच पायरीवर बसले. मी सारखी विचारत होते आता उतरेल का, आता उतरेल का. तो म्हणाला भरती पूर्ण झाली की पहिला तासभर पाणी हललंय असं वाटतच नाही, उतरायला लागतं ते नंतर, आणि मग एकदम भराभर. सरांचा मधे फोन आला, जेवण वेळेवर आहे ना. काकू आल्या, वरून बघितलं, रडल्या नाहीत, ओरडून म्हणाल्या, “अहो टोपी घाला!” आणि काकांनी खरंच खिशातून टोपी काढून घातली. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे बहुतेक वाचणार. काका मधेच घड्याळ बघायचे आणि मग शेजारच्या खडकाकडे बघायचे, मला वाटलं घाबरून करतायत.

त्या दोन तासात मी त्या कड्याकडे जेवढं बघितलं तेवढं कधी कुठल्या स्पॉटकडे बघितलं नसेल. कातळाला नुसती भोकं, मधाच्या पोळ्यासारखी, काही ठिकाणी पातळ जाळी राहिलेली. एरवी मी माइकवर ‘निसर्गाची किमया’ म्हणून पुढे गेले असते. खारं पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत जातं, सुकलं की मिठाचे खडे फुगतात आणि दगडाचा कण कण सुटतो, असं वर्षानुवर्षं. एवढा मोठा कातळ मिठाने खाल्लाय.

एकच्या पुढे खळग्यातला फेस कमी झाला. दीडला खडकाचे माथे दिसायला लागले. पावणेदोनला तो मुलगा कमरेला दोर बांधून उतरला, काकांचा हात धरला आणि दहा पावलं, मोजून दहा पावलं चालवून पायरीवर आणलं. दोन तासांत जे समुद्र होतं ते दहा पावलं निघालं. काका वर आले, पाणी प्यायले, मुलाला पैसे द्यायला लागले, त्याने फक्त शहाळ्याचे घेतले. मला काका काही बोलले नाहीत. मीही नाही. मला खूप बोलायचं होतं खरं तर, पण सत्तरीच्या माणसाला भिजलेल्या पँटमध्ये काय बोलणार.

जेवायला तीन वाजले. उकडीचे मोदक होते आणि ते गार झाले होते, त्यावर दोन तक्रारी आल्या. त्या माणसांवर माझा आजही राग आहे.

रविवारी सकाळी सव्वासहाला मी अंगणात आले तर काका आधीच बसलेले, पायात नवे रबरी सँडल, रात्री बाजारातून घेतलेले. पौर्णिमेला पाणी उतरतं पण जास्त, असं घरमालक म्हणाले होते, आणि खरंच, त्याच फटीतून उतरलो आणि खाली समुद्रच नाही. लांब कुठेतरी पांढरी रेघ. सगळीकडे ओले खडक, खळग्यांत साचलेलं पाणी, त्यात छोटे खेकडे, आणि जांभळट उजेड. गुडघेवाल्या काकू सगळ्यांच्या पुढे. काकांचा खडक आला तेव्हा सगळे थांबले, कोणीतरी फोटो काढूया म्हणालं, काकूंनी असं बघितलं की मोबाइल खिशात गेला. वर हात करून सुद्धा काका काल जिथे उभे होते तिथे माझी बोटं जेमतेम टेकली.

नाश्त्याला आंबोळ्या. त्यानंतर निघून दिवेआगर गाठायचं होतं. तिथलं सगळ्यांना माहीत असतंच, १९९७ ला बागेत खणताना पेटीत सोन्याचा मुखवटा सापडला, २०१२ च्या मार्चमध्ये दरोडा पडला, दोन पहारेकरी मारले गेले, सोनं मिळालं ते वितळवलेलं, आणि मग ९ वर्षांनी नवा मुखवटा. रांगेत दीड तास गेला, पण त्यादिवशी कोणी कुरकुरलं नाही. वाटेत सगळीकडे उघड्या पडलेल्या वाड्या होत्या, जून २०२० च्या निसर्ग वादळाने सुपाऱ्या आणि माड काडेपेटीतल्या काड्यांसारखे आडवे केलेले. आमच्या घरमालकांची पण निम्मी वाडी गेली होती. श्रीवर्धनी रोठा सुपारी, लावल्यापासून धरायला वर्षं जातात, म्हणून आता खोल्या भाड्याने द्यायला लागले म्हणाले. आधी पाहुण्यांकडून पैसे घ्यायची लाज वाटायची.

पण मला सांगायचंय ते नाश्त्याचं. काका आंबोळी बाजूला सारून कागदावर काहीतरी लिहीत बसले होते. घरमालक चहा घेऊन आले तसं काकांनी कागद त्यांच्यासमोर धरला. “हे तुमचं पाऊणपट चुकीचं आहे.”

मला वाटलं झालं, आता भांडण.

“असं बघा. महिन्यात तिथी तीस. तेवढ्यात भरती चोवीस तास पुढे सरकून परत जागेवर येते. म्हणजे एका तिथीला किती? ४८ मिनिटं. तुम्ही पाऊण तास धरता, ४५. तीन मिनिटं रोज खाताय. पंधरा तिथींत पाऊण तास. तुमच्या हिशोबाने काल सव्वाअकराला पाणी थांबायला हवं होतं. मी शेजारच्या दगडावर खूण धरून बघत होतो, पावणेबारापर्यंत चढत होतं.”

घरमालकांनी कागद उलटा-सुलटा बघितला. चहाचा कप काकांपुढे ठेवला.

“असेल हो काका. पण आम्हाला पाऊण तासाने काय अडतंय? तुम्ही दोन तास बसलातच की.”