भाच्याची केस, बाल न्याय मंडळ आणि न येणारा अहवाल

नाव, गाव काहीच लिहीत नाहीये. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे गुन्ह्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलाची ओळख उघड करता येत नाही, तेव्हा ओळखीच्यांनीही अंदाज बांधत बसू नका.

भाचा तेव्हा १६ वर्षं ४ महिन्यांचा. शेजारच्या गावच्या यात्रेत तिघांनी मिळून एकाची मोटरसायकल काढली, किल्ली गाडीलाच होती, वीसेक किलोमीटर फिरवली, पेट्रोल संपलं तशी धाब्यामागे टाकून घरी येऊन झोपले. तिघांतला एक १९ वर्षांचा. हे मुद्दाम सांगतोय, कारण एरवी अल्पवयीन पोरांवर असल्या गुन्ह्यात एफआयआर होत नाही, पोलीस ठाण्याच्या डायरीत नोंद होते, पण सोबत सज्ञान माणूस असला की एफआयआर होते. त्या मोठ्याची केस नेहमीच्या कोर्टात गेली, आमची बाल न्याय मंडळात, म्हणजे १८ च्या खालच्या पोरांच्या केसेस बघतात तिथे. दोन्ही एकत्र चालवताच येत नाहीत.

२४ तासांच्या आत हजर केलं, दाजींनी हमीपत्र दिलं, संध्याकाळी पोरगं घरी. तो भाग सोपाच गेला.

आळीत मात्र दोन तट. एक म्हणे १६ च्या वरचा आहे, आता मोठ्यांसारखी केस चालणार. दुसरा म्हणे पुण्याच्या पोर्शेवाल्यासारखा ३०० शब्दांचा निबंध लिहील आणि सुटेल. दोन्ही चूक. मोठ्यांसारखी केस चालवायची का हा प्रश्न फक्त किमान ७ वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यात येतो, चोरीला भारतीय न्याय संहितेच्या ३०३(२) खाली जास्तीत जास्त ३ वर्षं आहे, म्हणजे कायद्याच्या भाषेत किरकोळ. आणि निबंधाचं म्हणाल तर ती जामिनाची अट होती, निकाल नव्हता.

मंडळाची खोली बघून बहीण म्हणाली, "दादा, हे कोर्ट आहे का पालकसभा?" पिंजरा नाही, उंच ओटा नाही, एका टेबलामागे मॅजिस्ट्रेट मॅडम आणि दोन समाजसेवक सदस्य, पोलीसही साध्या कपड्यात. पोराला खुर्ची दिली. त्याला विचारलं तर त्याने सरळ सांगितलं, हो काढली, चालवून बघायची होती. मला वाटलं आता दोन तारखांत उरकेल.

तर नाही. पहिल्याच दिवशी मंडळाने प्रोबेशन ऑफिसरला सांगितलं, १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्या. पोराचं घर कसं आहे, संगत कुठली, शाळेत काय म्हणतात, बाप पितो का, हे सगळं त्यात येतं आणि काय आदेश करायचा हे मंडळ बरंचसं त्यावरूनच ठरवतं. गुन्हा काय केला यापेक्षा पोरगं कुठून आलं हे जास्त बघतात. म्हणजे सगळं त्या एका कागदावर, आणि तोच कागद येईना!

दुसऱ्या तारखेला अहवाल नाही. तिसऱ्या तारखेला नाही. चौथ्याला मॅजिस्ट्रेटच रजेवर. दर तारखेला दाजींची हजेरी बुडते, पोराचं कॉलेज बुडतं, वर्गात काय कारण सांगायचं हा वेगळाच ताप. शेवटी मीच प्रोबेशन ऑफिसरच्या ऑफिसात गेलो. टेबलावर लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, खुर्ची रिकामी. क्लार्क म्हणाला मॅडम व्हिजिटला गेल्यात, त्यांच्याकडे अजून दोन तालुक्यांचा अतिरिक्त चार्ज आहे.
"तुम्ही मुलाचे कोण?"
"मामा."
"मग वडिलांना पाठवा."
वडिलांना पाठवलं तर त्यांना म्हणे मॅडम मीटिंगला आहेत, सोमवारी या. सोमवारी कुलूप.

मी पतसंस्थेत १४ वर्षं आवक-जावक सांभाळतोय, मला माहितीये की तोंडी विचारणं म्हणजे काहीच नसतं. दाजींच्या सहीने अर्ज केला, गृहभेट कधी होणार ते लेखी कळवा. क्लार्क आवक शिक्का मारेना, म्हणे वरच्या मजल्यावर द्या. वरचे म्हणे खाली द्या. तीनदा जिना चढलो-उतरलो, मग खालीच बाकावर डबा उघडून बसलो, म्हटलं शिक्का मिळेपर्यंत जेवण तरी होईल. पावणेतीनला शिक्का मिळाला. ती प्रत वकिलांनी पुढच्या तारखेला मंडळापुढे ठेवली, मॅजिस्ट्रेट मॅडमनी वाचली, ऑफिसातल्या माणसाला दोनच वाक्यं ऐकवली आणि चौथ्या दिवशी प्रोबेशन ऑफिसर मॅडम दारात. अहवाल दाखल झाला ८३ व्या दिवशी.

बाई वाईट नव्हत्या हो, राग त्या ऑफिसाचा आहे. पोरगं झोपतं कुठे ते त्यांनी बघितलं, उशाशी कार्बोरेटरचे सुटे भाग ठेवलेल्या बिस्किटाच्या डब्यात हात घालून विचारलं, "हे कुणाचं?" गॅरेजवाल्याने दिलेलं भंगार. त्यांनी गॅरेजवाल्यालाही जाऊन विचारलं म्हणे. अहवालात तेही आलं.

वयाचं राहिलंच. आधारवर त्याची जन्मतारीख १ जून पडलीये, शाळेत घालताना गुरुजी लिहितात तशी, आणि पोलीस तीच धरून बसले होते. दहावीचं सर्टिफिकेट घेऊन जा, वयासाठी शाळेचा किंवा बोर्डाचा दाखला आधी बघतात, तो नसेल तर जन्मदाखला, काहीच नसेल तर हाडांची तपासणी. आणि वकिलाला पैसे मोजू नका, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, आम्ही आधी एकाला ५ हजार ॲडव्हान्स देऊन बसलो होतो.

आमच्या फुकटच्या वकिलांनीच मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मामा, घाई कशाला करता? किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत संपवायची असते, फार तर दोन महिने वाढवून मिळतात, तेवढ्यातही नाही संपली तर केस आपोआप बंद." म्हणजे मी शिक्क्यासाठी भांडत होतो आणि अहवाल लटकणं पोराच्याच फायद्याचं होतं! पण पोरगं रात्री उठून बसायचं, गल्लीत बुलेट वाजली तरी दचकायचं, अजून दोन-तीन महिने तसंच ठेवायचं? बहीण म्हणते बरं केलंस. दाजी काही बोलत नाहीत.

चार महिने भरायला सहा दिवस असताना आदेश झाला. समज दिली, १२ रविवार वृद्धाश्रमात सेवा, आणि एक वर्ष आईवडिलांच्या ताब्यात, प्रोबेशन ऑफिसरच्या देखरेखीखाली. म्हणजे दर महिन्याला हजेरी परत त्याच ऑफिसात, त्याच क्लार्कसमोर. आता तो मला बघितलं की आधी शिक्काच बाहेर काढतो.

बाल न्याय कायद्याच्या कलम २४ प्रमाणे याचा पुढे नोकरीला अडथळा येत नाही आणि अपिलाची मुदत संपली की रेकॉर्ड नष्ट करायचं असतं. ते आपोआप होईल यावर माझा विश्वास नाही. अर्ज टाइप करून ठेवलाय, दोन प्रतीत, तारखेची जागा तेवढी मोकळी सोडलीये.