लाल टोपण, नारिंगी टोपण

इंग्लंडमध्ये परिचारिका म्हणून काम करू लागल्यापासून पुण्याला येणे वर्षातून एकदाच जमते, आणि यंदाच्या सुट्टीतील बहुतेक संध्याकाळी कोथरूडच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, औषधांच्या मात्रांची गणिते सोडवण्यात गेल्या. माझी भाची बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिला पुढे इंग्लंडला यायचे आहे. तिथल्या नोंदणीसाठी संगणकावर जी परीक्षा द्यावी लागते, तिच्यात अंकगणिताचा स्वतंत्र भाग असतो: 15 प्रश्न आणि 30 मिनिटे. तिथेच शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना तर मात्रांच्या हिशेबाच्या परीक्षेत 100 टक्के गुण मिळवावेच लागतात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा ही अट मला कठोर वाटली होती. वॉर्डात काही महिने काढल्यावर मात्र नव्वद टक्क्यांवर समाधान मानायचे, तर उरलेल्या दहा टक्क्यांत कोणता रुग्ण बसवायचा, हा प्रश्न मलाच पडू लागला.

पहिल्या संध्याकाळी मी तिला साधे उदाहरण घातले: डिगॉक्सिन हे हृदयविकारावरील औषध 125 मायक्रोग्रॅम द्यायचे आहे, गोळी 0.25 मिलिग्रॅमची आहे, तर किती गोळ्या? तिने पाठ केलेले सूत्र मांडले, हवी असलेली मात्रा भागिले हाताशी असलेली मात्रा, आणि कॅल्क्युलेटरवर आलेले 500 हे उत्तर वहीत उतरवून खाली रेघ मारली. मी विचारले, "एका पट्टीत किती गोळ्या असतात?" ती म्हणाली, "दहा." "मग किती पट्ट्या फोडशील?" ती काही क्षण वहीकडे पाहत राहिली आणि हळूच म्हणाली, "मावशी, मी मायक्रोग्रॅमला मिलिग्रॅमने भागलं." 0.25 मिलिग्रॅम म्हणजे 250 मायक्रोग्रॅम, म्हणून उत्तर अर्धी गोळी.

सूत्र बरोबर होते, भागाकारही बरोबर होता. चुकले ते एकक. म्हणूनच सूत्राआधी एकमान पद्धत घोटून घ्यावी, असे माझे मत झाले आहे. आपण मराठी शाळेत "एका वस्तूची किंमत इतकी, तर इतक्या वस्तूंची किती" असे वाक्य पूर्ण लिहून मगच आकडेमोड करत असू. त्या वाक्यात एकक लिहावेच लागते, आणि मिलिग्रॅमच्या शेजारी मायक्रोग्रॅम दिसले की हात आपोआप थांबतो. सूत्रात नुसते आकडे भरले की ही खूण नाहीशी होते. तेव्हापासून आम्ही नियम केला की, आधी दोन्ही एकके सारखी करायची, मग उत्तर साधारण किती यायला हवे ते तोंडी सांगायचे आणि त्यानंतरच पेन उचलायचे.

सर्वांत जास्त वेळ आम्ही इन्सुलिनवर घालवला, कारण त्याचे सामान घरातच होते. माझ्या वडिलांची इन्सुलिनची व्हायल, म्हणजे छोटी बाटली, 40 युनिटची आहे, म्हणजे तिच्या दर मिलिलिटरमध्ये 40 युनिट इन्सुलिन असते, आणि तिच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज लागते. 100 युनिटच्या व्हायलसाठी नारिंगी टोपणाची सिरिंज असते, आणि इंग्लंडच्या वॉर्डात मला तीच परिचित आहे. आपल्याकडे मेडिकलच्या दुकानात दोन्ही प्रकार मिळतात, त्यामुळे धोकाही आपल्याकडेच अधिक. मी दोन्ही सिरिंज टेबलावर ठेवल्या, दोन्हींत 20 च्या रेघेपर्यंत साधे पाणी भरायला सांगितले आणि त्या प्रकाशासमोर शेजारी धरल्या. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये अर्धा मिलिलिटर पाणी होते, तर नारिंगी टोपणाच्या सिरिंजमध्ये जेमतेम 0.2 मिलिलिटर. रेघ तीच, आकडा तोच, पाणी मात्र निम्म्याहूनही कमी. आता 100 युनिटचे इन्सुलिन चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत भरले, तर रुग्णाच्या अंगात 20 ऐवजी 50 युनिट जातील. उलट चूक झाली, तर 20 ऐवजी आठच युनिट जातील आणि साखर का उतरत नाही हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. पलीकडे भाजी निवडत बसलेली माझी आई हे ऐकून म्हणाली, "म्हणजे अडीचकी झाली की गं." लहानपणी पावकी, निमकी, सवायकी आणि दिडकीबरोबर तिने अडीचकीही, म्हणजे अडीचचा पाढाही, पाठ केलेली. भाचीने "अडीचकी" हा शब्द वहीच्या समासात मोठ्या अक्षरांत लिहून घेतला.

युनिटवरून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. इंग्लंडमधील दुसऱ्या आठवड्यात मी इथल्या सवयीने एका नोंदीत 10 च्या पुढे इंग्रजी "यू" हे एकच अक्षर लिहिले. बरोबरच्या ज्येष्ठ परिचारिकेने तो कागद माझ्यासमोर ठेवला आणि "हा आकडा वाच" एवढेच म्हटले. माझे ते घाईतले अक्षर वरून जुळलेले होते, आणि तिथे स्वच्छ 100 दिसत होते. इंजेक्शन दिलेले नव्हते, नोंद तेव्हाच दुरुस्त झाली, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. युनिट आणि मायक्रोग्रॅम हे शब्द तिथे पूर्ण लिहिण्याची शिस्त आहे. पूर्णांकापुढे दशांश चिन्ह देऊन शून्य लिहायचे नाही, कारण 5.0 चे 50 वाचले जाते, आणि एकाहून लहान संख्येत दशांश चिन्हाआधी शून्य लिहायलाच हवे, कारण नुसता ठिपका पुसट झाला की .5 चे 5 होते. ही सवय पुण्यात असतानाच लागलेली बरी.

रक्तातील साखरेचे एककही तिथे बदलते. आपल्या प्रयोगशाळेतील 252 हा आकडा तिथे 14 म्हणून सांगितला जातो, कारण तिथे मिलिमोल प्रति लिटर हे एकक वापरतात आणि आपल्या आकड्याला 18 ने भागावे लागते. हिमोग्लोबिनचे उलट आहे, आपले 12 तिथे 120 होते. हे दोन्ही आठवड्याभरात अंगवळणी पडते.

सलाईनच्या थेंबांचा सराव आम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला बाटली टांगून केला. 500 मिलिलिटर चार तासांत द्यायचे, तर ताशी 125 मिलिलिटर, आणि 20 थेंबांना एक मिलिलिटर पडणारा सेट असेल, तर मिनिटाला 42 थेंब. मायक्रो सेटमध्ये 60 थेंबांना एक मिलिलिटर होत असल्याने ताशी जितके मिलिलिटर, तितकेच मिनिटाला थेंब. इंग्लंडमध्ये हे काम बहुधा पंप करतो, पण पंपात आकडा आपल्यालाच भरावा लागतो.

शेवटच्या संध्याकाळी मी तिला हेपरिनचे, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचे, उदाहरण दिले: पंपाला लावायच्या 50 मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये एकूण 25,000 युनिट आहेत आणि ताशी 1,000 युनिट द्यायचे आहेत. तिने आधी "अगदी थोडं येईल, दोन-चार मिलिलिटर" असा अंदाज सांगितला, मग एका मिलिलिटरमध्ये 500 युनिट हे वाक्य पूर्ण लिहिले आणि उत्तर काढले, ताशी 2 मिलिलिटर. "युनिट" हा शब्द तिने प्रत्येक ओळीत पूर्ण लिहिला होता. मी वही मिटायला हात पुढे केला तेव्हा ती म्हणाली, "थांब मावशी, म्हणजे ही सिरिंज 25 तास चालेल. आज संध्याकाळी सातला लावली, तर उद्या रात्री आठच्या आत दुसरी भरून तयार हवी." हे मी विचारलेच नव्हते.