तुम्ही विचारलेत म्हणून : वजनावरून रचना कशी कळते?

सोलापुरात बी.एस्सी.च्या वर्गांना अकार्बनी रसायनशास्त्र शिकवताना मला एक प्रश्न दरवर्षी विचारला जातो : मास स्पेक्ट्रोमीटर केवळ वजन करतो, मग त्यावरून आयनाची, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणुसमूहाची, रचना कशी सांगता येते? तुम्हीही तोच विचारलात, म्हणून सविस्तर लिहितो.

फॉस्फेट ओळखताना आपण परीक्षानळीत नायट्रिक आम्ल आणि अमोनियम मॉलिब्डेट घालून ती तापवतो, आणि पिवळाधमक साका तळाशी बसतो. त्या साक्यातील आयनात एक फॉस्फरस, बारा मॉलिब्डेनम आणि चाळीस ऑक्सिजन असतात व त्यावर तीन ऋण भार असतात. हा आयन विरघळेल असा क्षार करून ते द्रावण उच्च विद्युतदाबाखाली तुषाररूपाने फवारले, की थेंब सुकत जातात आणि आयन सहसा न तुटता यंत्रात शिरतो. यंत्र वस्तुमान नव्हे, तर वस्तुमान भागिले भार मोजते. म्हणून सुमारे १८२२ वस्तुमानाचा हा आयन ६०७च्या आसपास दिसतो.

तिथे एकच रेघ मात्र नसते. मॉलिब्डेनमचे सात समस्थानिक (वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू) निसर्गात आढळत असल्याने शिखरांची रुंद रांग उमटते, आणि जवळून पाहिले तर शेजारच्या दोन शिखरांतील अंतर एक तृतीयांश भरते : वस्तुमानातला एकाचा फरक तीन भारांनी भागला जातो. भार तीन असल्याचा हा पुरावा मला फार आवडतो, कारण तो कोणत्याही गृहीतकावर टेकलेला नाही.

इथवर कळते ते घटकांचे प्रमाण. सोलापुरी चादर काट्यावर ठेवली तर वजन कळते, वीण कळत नाही. ती पाहायची तर धागे उसवावे लागतात. म्हणून निवडलेला आयन वायूच्या रेणूंवर आदळवून फोडतात. हा आयन बहुधा दोन ऋण तुकड्यांत फुटतो आणि त्या तुकड्यांतील अणूंची व भारांची बेरीज मूळ आयनाइतकी भरते. कोणते बंध आधी तुटतात, कोणता गट एकत्र टिकतो, हे त्यातून दिसते. मात्र आदळताना अणूंची फेरजुळणीही होऊ शकते, म्हणून तुकड्यांवरून लगेच नकाशा काढू नये.

याच आयनाचा एक जुळा भाऊ आहे : त्यात तीन मॉलिब्डेनमचा एक गट ६० अंशांनी फिरलेला असतो. दोघांचे वजन तंतोतंत सारखे असते. केगिन या रसायनशास्त्रज्ञाने १९३३ मध्ये याच कुळातील टंगस्टनच्या आम्लाची रचना क्ष-किरणांनी उलगडली होती, आणि या जुळ्यांतला कोणता हाती आहे हे ठरवायला मी आजही क्ष-किरणांसाठी आधी स्फटिकच मागतो.