पैल

काल दुपारी समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर बसून एक कावळा एकसारखा ओरडत होता. 'पैल तो गे काऊ कोकताहे' ही ओळ ओठांवर येते न येते तोच एका दूरच्या नातलगांच्या निधनाचा निरोप फोनवर आला, आणि त्यातही शब्द होता 'पैलतीर'.

'पैल' म्हणजे पलीकडचा, असे सांगून आपण मोकळे होतो; मला मात्र तो अर्थ अपुरा वाटतो. पलीकडचे भिंतीआडही असू शकते. पैल म्हटले की ते डोळ्यांना दिसावे, फक्त हाताशी नसावे. ज्ञानदेवांच्या विराणीत नदी नाही, तीर नाही. पाय सोन्याने मढवीन असे आमिष दाखवावे आणि ते ऐकू जावे, एवढ्याच अंतरावर कावळा बसला आहे. बालकवींच्या 'औदुंबर'मध्ये झऱ्याला ऐल तट आणि पैल तट दोन्ही आहेत, परंतु अवघ्या आठ ओळींच्या त्या कवितेत चार घरांचे चिमुकले गाव येते ते 'पैल टेकडीकडे'. तट मागे पडला तरी शब्द कामावर आहे, आणि इतक्या लांबूनही घरे मोजता येतात.

लहानपणी बहिणींच्या भोंडल्यात मला खिरापतीपुरता प्रवेश असे. पाटावर काढलेल्या हत्तीभोवती फेर धरून मुली 'ऐलमा पैलमा गणेश देवा' म्हणू लागल्या, की ऐलमा आणि पैलमा या शेजारशेजारच्या दोन बायका आहेत, अशी माझी पक्की समजूत होती. ऐलमा आपल्या घरची, मायाळू; पैलमा जराशी खाष्ट, अंगणात गेलेला चेंडू परत न देणारी. (त्या तशा नाहीत हे कळल्यावर मला थोडे वाईटच वाटले.)

असा नांदता शब्द आता निधनवार्तांपुरता उरावा, याची मला चीड येते. चीड अशी येत असतानाच आठवले, की टेकडीकडची घरे दाखवणारा तो कवी ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्थानकात आगगाडीखाली गेला, तेव्हा तो २७ वर्षांचा होता.

संध्याकाळी मी त्या नातलगांच्या घरी फोन केला. निरोपातल्या शब्दाविषयी अर्थातच काही बोललो नाही.