माळवद आणि दोन भिंती

7 सप्टेंबर 2025, रविवार. पहाटे साडेतीन

विसर्जनाचा डीजे बाराच्या सुमाराला थांबला. तोपर्यंत खिडकीची काच दर दणक्याला तडतडत होती. अकरा वाजता मी गादी गुंडाळली आणि बोळीत आणून टाकली. स्वयंपाकघर आणि मधली खोली यांच्यामधली ही अरुंद जागा, हिला खिडकी नाही. आई आता बघून न बघितल्यासारखं करते. जुलैत युक्रेनहून डॉक्टरकीची डिग्री घेऊन आले तेव्हा पहिल्यांदा तिनं विचारलं होतं, पंख्याखालची जागा सोडून इथं कशाला? मी म्हटलं, इथं गार वाटतं. लातूरकडच्या औशात, बिनखिडकीच्या बोळीत, गार. तिनं मान डोलावली.

खरं कारण युक्रेनमधल्या खारकीवचं आहे, मी तिथं शिकत होते. दोन भिंतींचा नियम तिथं शेंबडं पोरही सांगेल. तळघर गाठायला वेळ नसेल तर बाहेरच्या आणि आपल्या मध्ये निदान दोन भिंती हव्यात. पहिली मार खाते, दुसरी काचा नि तुकडे अडवते. मला हे समजावलं आमच्या हॉस्टेलमागच्या इमारतीत राहणाऱ्या मैत्रिणीनं. ती स्थापत्य शिकत होती, तळघराच्या फरशीवर खडूनं नकाशा काढून तिनं दाखवलं होतं. रशियाची हद्द तिथून चाळीसेक किलोमीटर. त्यामुळं पुष्कळदा आधी धमाका होतो आणि हल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा मागून वाजतो.

24 फेब्रुवारी 2022 ला पहाटे पाचला युद्ध सुरू झालं तेव्हा मी तिसऱ्या वर्षाला होते. पुढचं सगळं टीव्हीवर दाखवून झालंय, म्हणून लिहीत नाही. एवढंच, की 1 मार्चला कर्नाटकातला एक विद्यार्थी किराणा आणायला बाहेर पडला होता, तो गेला. आम्ही त्याला ओळखत नव्हतो. पण त्याच वेळी आमच्यातली दोघंजण ब्रेडच्या रांगेत होती. ती परत येईपर्यंतचा तासभर मी पाण्याच्या बाटलीवरचं लेबल नखानं खरवडत बसले होते. अजून हातात बाटली आली की लेबल शिल्लक राहत नाही. दुसऱ्या दिवशी वकिलातीचा निरोप आला, संध्याकाळी सहाच्या आत खारकीव सोडा, गाडी मिळाली नाही तर चालत निघा. आम्ही शहराबाहेरच्या पिसोचिनपर्यंत चालत गेलो. निघताना मैत्रिणीला माझा कुकर देऊन टाकला. ती त्यात ग्रेचका, म्हणजे कुट्टूचे दाणे, शिजवते. शिटी झाली की तिचं मांजर पलंगाखाली जातं.

विमानतळावर एका वाहिनीवाल्यानं माइक पुढं करून विचारलं, "अब कैसा लग रहा है?" मला खरंच लघवीला लागली होती, तेवढंच लागलं होतं. 'ऑपरेशन गंगा'तून साडेबावीस हजारांच्या आसपास माणसं आली, त्यांतल्या बहुतेकांना हा प्रश्न विचारला गेला असणार आणि बहुतेकांनी "अच्छा" म्हटलं असणार.

त्याच वर्षी नोव्हेंबरात मी परत गेले, पश्चिमेकडच्या इव्हानो-फ्रांकिव्स्कला. शेजारपाजारच्यांनी वेड्यात काढलं. पण इथल्या कॉलेजात घेणार नव्हते, नुसती ऑनलाइन डिग्री चालणार नव्हती आणि बँकेला युद्धबिद्ध कळत नाही. तिथं खारकीवच्या मानानं शांत होतं. शांत म्हणजे काय, तर रशियात कुठंतरी क्षेपणास्त्र नेणारं मिग-31 विमान उडालं की फोनवरचा इशाऱ्याचा अख्खा नकाशा लाल होतो आणि शिकवणं थांबवून सगळे खाली. भोंगा संपला की वर येऊन सर यकृताच्या त्याच वाक्यापासून पुढं सुरू. त्या हिवाळ्यात वीज ठरवून जायची, मी निम्मं पॅथॉलॉजी डोक्याला बॅटरी बांधून वाचलंय. सकाळी नऊला सगळा देश मिनिटभर गप्प उभा राहायचा. त्या मिनिटात मी खाली बुटांकडं बघायचे. वर्गातल्या मुलांचे चेहरे बघवत नव्हते. शिकताय तोवर सैन्याचं बोलावणं येत नाही, हे त्यांना माहीत होतं. काहीजणांनी एक पदवी संपवून लगेच दुसरीला नाव घातलं. आता ऑगस्टअखेरीस 18 ते 22 वयाच्या पोरांना देशाची सीमा ओलांडायची मुभा मिळालीय. मैत्रिणीचा भाऊ 21 चा आहे. त्यांची आई म्हणते जा, आणि रोज त्याच्या आवडीचं करते.

मैत्रिणीचं स्वतःचं तर आणखीच. 2020 ला प्रवेश, आधी कोरोना, मग हे. अख्खी पदवी पडद्यावर. मागल्या वर्षी पुढच्या शिक्षणासाठी कीव्हला गेली तेव्हा कुठं ती नीट वर्गात बसली, आणि पहिल्या दिवशी कोणत्या बाकावर बसायचं हे ठरवता येईना म्हणून भिंतीला टेकून उभी राहिली. उझहोरोद विद्यापीठाचे प्राध्यापक फेदिर शांदोर खंदकातून फोनवर शिकवायचे, त्यांचा फोटो जगभर फिरला. लोकांना त्यात शौर्य दिसलं. मला पलीकडची पोरं दिसायची, ज्यांना कॅमेरा बंद करून झोपायचीही लाज वाटली असेल.

सध्या एफएमजीईसाठी, म्हणजे परदेशात डॉक्टर झालेल्यांना इथं द्यावी लागणाऱ्या परीक्षेसाठी, मानसोपचार वाचतेय. दचकणं, झोप न लागणं, सतत कानोसा घेणं, चार पर्याय, उत्तर ब. बरोबर येतं. झोप येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या अंदाजानुसार युद्धाच्या प्रदेशात साधारण पाचांतल्या एकाला काही ना काही मानसिक आजार असतो. आमच्या तळघरात आम्ही साठजणं होतो, म्हणजे बारा. मी बसून बारा नावं काढायला गेले, तेरावं माझं निघालं. मे महिन्यात आपल्याकडं भोंग्यांची तालीम झाली तेव्हा पुण्याच्या मामेबहिणीनं मेसेज केला होता, ताई, भोंगा वाजल्यावर नेमकं काय करायचं? मी तिला इतकी लांब यादी पाठवली, की तिनं दोन दिवस उत्तर दिलं नाही.

तर हे लिहितेय कारण आजी जागी आहे. अंगणात बाज टाकून. पाऊस नाही म्हणून बरं, नाहीतर ओसरीवर बसली असती. घराच्या दाराला विसर्जनाच्या रात्री कडी लावायची नाही, हा तिचा कायदा. 1993 ला विसर्जनाच्या रात्री ती माहेरी होती, किल्लारीजवळ. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना भूकंप झाला. तारीख 30 सप्टेंबर, पण ती तारीख धरत नाही, अनंत चतुर्दशी धरते. दगडमातीच्या भिंती, वर माळवद, त्यावर हातभर माती. सगळं अंगावर आलं. ती लघवीला उठली होती म्हणून वाचली, तिची धाकटी बहीण आतच राहिली. नंतर पत्र्याच्या शेडात राहिली, तिथं मात्र झोप लागायची म्हणे, कारण पत्रा पडून पडून किती लागणार?

मघाशी उठून दारापर्यंत गेले.

"जागीच हाईस का गं?"

"हो."

"काय करायलीस?"

"लिहितेय."

"हितं ये की भाईर. वर काई नाई, मोकळं हाय."

मोकळं आहे म्हणूनच मला येववत नव्हतं. वरून येणारं सगळं मोकळ्यातूनच येतं. तिला छत नको, मला आभाळ नको. हे तिला सांगितल्यावर ती फसकन हसली. म्हणाली, "मग तू तितं, मी हितं. दार उघडं ऱ्हाऊदे." मी विचारलं, तुला कुणी तेव्हा औषध, डॉक्टर? म्हणाली, "चादरी वाटल्या मोप." बहिणीबद्दल काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. बराच वेळ तिच्या बाजेची करकर ऐकू येत होती.

सकाळी नऊ

चार वाजून गेल्यावर आजी घोरायला लागली. मी फोन उघडला नसता तर मलाही झोप लागली असती. रात्री युक्रेनवर 800 हून जास्त ड्रोन सोडले, कीव्हमधल्या मंत्रिमंडळाच्या इमारतीला आग लागलीय. मी मैत्रिणीला लिहिलं, "ति याक?" म्हणजे 'कशी आहेस?' पण तिथं आता त्याचा अर्थ तेवढाच राहिलेला नाही. धमाक्यानंतर सगळा देश एकमेकांना हेच दोन शब्द पाठवतो, राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी ओलेना झेलेन्स्का यांनी सुरू केलेल्या मानसिक आरोग्याच्या मोहिमेचं नावही तेच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला याक बैल आठवला होता, ते तिला सांगितल्यापासून ती मला बैलाचं चित्र पाठवते.

पन्नास मिनिटं एकच टिक होती. मग दोन. मग उत्तर आलं, "झिवा." जिवंत. हा शब्द मला कुणी शिकवावा लागला नव्हता. खाली बैल.

रात्रभर बाथरूममध्ये होती, टबात उशी घेऊन. उद्या तिला प्रकल्पाचा आराखडा दाखवायचाय.

आजी चहा घेऊन शेजारी येऊन बसली. आज रात्री खग्रास चंद्रग्रहण आहे, त्यामुळं तिची सकाळपासून घाई चाललीय. कुणाचा फोन म्हणून विचारलं, मी सांगितलं. कुकरवाली? हो, कुकरवाली.

"तिकडं पण दिसतंय का गिराण?"

"दिसतं."

"मग तिला म्हनाव, येध लागायच्या आत जेवून घे."

मी तसंच्या तसं लिहून पाठवलंय. वेध म्हणजे काय, ते तिनं विचारलं तर सांगेन.