काय कर्तव्य आहे?

मराठी माणसाच्या तोंडी ‘कर्तव्य’ हा शब्द भाषणाचा आव न आणता येतो, तो बहुधा लग्नाच्याच संदर्भात. तुळशीचे लग्न आटोपून मुहूर्त मोकळे झाले की स्थळांच्या चौकश्या सुरू होत आणि पत्रिका हातात ठेवण्याआधी मुलीकडचे वडीलधारे गृहस्थ घसा खाकरून विचारीत, ‘मग, यंदा कर्तव्य आहे का?’ या प्रश्नात लग्नाचा उच्चार नाही, मुलाचे नाव नाही, घाई तर मुळीच नाही. आणि समोरच्यांना स्थळ पसंत नसेल तर ‘यंदा कर्तव्य नाही’ एवढ्या उत्तराने, कोणाचाही अपमान न होता, विषय मिटत असे. दोनच महिन्यांनी त्याच मुलाचे लग्न दुसरीकडे झाले, तरी जाब विचारायला कोणी जात नसे. पत्रिका जुळत नाही हे कारणही याच कामी येई, पण त्यासाठी निदान पत्रिका ठेवून घ्यावी लागे.

या प्रश्नातले कर्तव्य म्हणजे जबाबदारी नव्हे. ‘कृ’ धातूला ‘तव्य’ प्रत्यय लागून झालेला हा शब्द मुळात विशेषण आहे: जे करावयाचे आहे ते. भवितव्य म्हणजे जे व्हावयाचे आहे ते, वक्तव्य म्हणजे जे बोलावयाचे आहे ते. आजची राजकीय वक्तव्ये ऐकताना मात्र हा अर्थ आठवू नये हे बरे. तेव्हा ‘यंदा करायचे आहे का’ एवढीच ती विचारणा. तरीही हा शब्द लग्नालाच, आणि थोडाफार मुंजीला, का चिकटला असावा? तैत्तिरीय संहितेत म्हटले आहे की ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो आणि त्यांतून तो ऋषींच्या ऋणातून ब्रह्मचर्याने, देवांच्या ऋणातून यज्ञाने आणि पितरांच्या ऋणातून प्रजेने मुक्त होतो. मुंजीने पहिल्या ऋणाच्या फेडीला आरंभ होतो, लग्नाने शेवटच्या. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात हे सारे असते असे मी म्हणणार नाही. त्याच्या मनात बहुधा कार्यालयाची तारीख असते.

गंमत अशी की हाच शब्द अंग काढून घ्यायलाही उपयोगी पडतो. शेजारच्या बिऱ्हाडातले भांडण भिंतीला कान लावून ऐकायचे, ते तपशीलवार चार घरी सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, ‘जाऊ दे, आपल्याला काय कर्तव्य आहे!’

वर्तमानपत्रात मात्र कर्तव्य नेहमी बजावले जाते, आणि तेही चोख. बातमीतला पोलीस कर्तव्यावर असतो. तोच घरी फोन करताना ड्युटीवर असतो. कर्तव्याबरोबर मतदानाचा हक्कही आपण बजावतो, न्यायालय नोटीस बजावते आणि परीक्षेला निघालेल्या मुलाला आई चारदा बजावून सांगते. हक्क आणि कर्तव्य या दोहोंना एकच क्रियापद वापरणारी आपली भाषा या बाबतीत फारच समदर्शी म्हणावी लागेल. राज्यघटनेने तसे केलेले नाही. तिच्यात मूलभूत कर्तव्ये आली ती १९७६ साली, ४२व्या दुरुस्तीने. ती तेव्हा दहा होती. पाल्याला वयाच्या ६ ते १४ वर्षांपर्यंत शिक्षणाची संधी देण्याचे अकरावे कर्तव्य २००२ सालच्या ८६व्या दुरुस्तीने त्यांत घातले. मतदान या अकरांत नाही.

रोजच्या व्यवहारात कर्तव्याचे ओझे दुसरेच शब्द वाहतात, आणि त्यांतला माझा आवडता शब्द ‘फेडणे’. कर्ज फेडायचे, नवस फेडायचा, आईवडिलांचे पांग फेडायचे. आणि नेसलेले लुगडेही फेडायचेच. काहीतरी अंगाभोवती गुंडाळलेले आहे, ते सोडवून मोकळे व्हायचे आहे, असा भाव या सगळ्यांतून जाणवतो. सत्कारसमारंभातले वक्ते मात्र ‘आभार मानून मी आपल्या ऋणातून मुक्त होऊ इच्छित नाही’ असे म्हणून बिनव्याजी मुदतवाढ घेतात. उलट ज्याच्याकडून खरोखर अडीअडचणीला पैसे घेतले, त्याच्यासमोर असे सुभाषित सुचत नाही. तिथे माणूस मिंधा होतो, आणि पुढे वर्षानुवर्षे त्याच्या प्रत्येक फुसक्या विनोदाला हसतो.

याहून बारीक काम व्याकरण करते. ‘त्याने गेले पाहिजे’ असे आपण म्हणतो, पण ‘त्याने जावे लागले’ असे कोणीच म्हणत नाही. तिथे ‘त्याला’च हवे: त्याला तहान लागली, त्याला ठेच लागली, त्याला जावे लागले. पहिल्या वाक्यातला माणूस काही करणारा आहे. दुसऱ्यातल्यावर काहीतरी येऊन आदळलेले आहे. गावी आत्याच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाल्याचा निरोप येतो तेव्हा घरात एक जण म्हणतो, ‘जायला हवं’ आणि दुसरा म्हणतो, ‘जावं लागेल’. गाडी तीच, तिकिटाचे पैसे तेवढेच आणि आत्याही तीच. पण एसटीचे आरक्षण कोण करणार आणि पोचल्यापासून परतीच्या गाडीची चौकशी कोण करणार, हे ऐकणाऱ्याला तिथल्या तिथे समजलेले असते.